कोणाचं खरं मानायचं? : एझेड-८००ची तयारी, बडोद्यातून

मायक्रोसॉफ्टच्या एझेड-८०० या विंडोज सर्व्हरच्या परीक्षेत ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा, म्हणजे कंपनीतली सगळी खाती, संगणक आणि परवानग्या एका जागी सांभाळणाऱ्या यंत्रणेचा, वाटा ३० ते ३५ टक्के आहे. उरलेल्यात व्हर्च्युअल मशीन, कंटेनर, नेटवर्किंग, स्टोरेज आणि ॲझ्यूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून सर्व्हर सांभाळणं असं सगळं येतं. टक्क्यांचा हिशोब धरला तर अभ्यासाचा एक तृतीयांश वेळ डिरेक्टरीला द्यायचा. मी अर्ध्याहून कितीतरी जास्त दिला आणि कोणी विचारलं तर तसंच करा म्हणून सांगेन. डिरेक्टरी नीट कळली की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप जागच्या जागी बसतात. ती कळली नाही तर सगळं पाठांतर होऊन बसतं.

मी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत आयटी विभागात आहे. कंपनीचा दुसरा कारखाना हालोलला. या अभ्यासाला लागेपर्यंत माझं काम डेस्कटॉप सपोर्टचं होतं: पासवर्ड रीसेट, नवा माणूस आला की खातं उघडणं, सोडून गेला की बंद करणं, प्रिंटर आणि सुट्टीनंतरच्या सकाळी लॉक झालेली खाती. ॲक्टिव्ह डिरेक्टरीची खिडकी दिवसभर माझ्या स्क्रीनवर उघडी असायची, पण त्यामागे काय चालतं ते आमच्या मुख्य ॲडमिनच्या डोक्यात होतं. त्यांना ऑफिसात सगळे भाई म्हणतात. ते निवृत्तीला आले होते आणि त्यांच्यानंतर हे कोण बघणार, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

माझं मन एका पावसाळी दिवशी ठरलं. हालोलला रात्री वीज जाऊन आली होती. सकाळी तिकडच्या स्टोअरमधून फोन: "बेन, मकरपुरानुं फोल्डर खूलतुं नथी." लोक आपापल्या पीसीवर लॉगिन करत होते, इंटरनेट चालू होतं, दोन्ही कारखान्यांमधली लिंक चालू होती. फक्त इकडच्या फाइल सर्व्हरवर जाता येत नव्हतं. मी परवानग्या तपासायला घेणार तोच भाईंनी हालोलच्या सर्व्हरवर घड्याळात किती वाजलेत ते विचारलं. वेळ बरीच मागे होती. तिथला डोमेन कंट्रोलर (डीसी), म्हणजे डिरेक्टरी ठेवणारा आणि लोकांची ओळख तपासणारा सर्व्हर, व्हर्च्युअल होता, तो आपली वेळ खालच्या होस्ट मशीनकडून घेत होता आणि त्या होस्टची सीमॉस बॅटरी, म्हणजे वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी, संपलेली होती. वेळ दुरुस्त केली आणि थोड्या वेळात फोल्डर उघडायला लागलं.

फायली उघडण्याचा घड्याळाशी काय संबंध? त्या संध्याकाळी मी केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीबद्दल पहिल्यांदा नीट वाचलं. एमआयटीमध्ये १९८०च्या दशकात प्रोजेक्ट अथेना नावाच्या प्रकल्पात ही पद्धत तयार झाली आणि मायक्रोसॉफ्टने ती विंडोज २०००मध्ये आणली. यात पासवर्ड नेटवर्कवरून पाठवत नाहीत. डोमेन कंट्रोलर एक तिकीट देतो आणि ते दाखवताना सोबत त्या क्षणाची वेळ कूटबद्ध करून पाठवावी लागते. कोणी मधेच ते पकडून नंतर पुन्हा वापरू नये म्हणून ही सोय. दोन मशीनच्या वेळेत मुळात ५ मिनिटांचा फरक चालतो. त्यापुढे गेला की विनंती फेटाळली जाते, माणूस कितीही खरा असो. हे वाचताना मला जाणवलं की रोज ज्या यंत्रणेवर माझे हात फिरतात तिचं तर्कशास्त्र फार सुंदर आहे आणि ते मला मुळापासून शिकायचं आहे. परीक्षा हे त्यासाठीचं निमित्त.

कोणती परीक्षा, हे ठरवायलाही थोडी शोधाशोध करावी लागली. पूर्वी विंडोज सर्व्हरसाठी एमसीएसए हे प्रमाणपत्र होतं आणि त्यात ओळख-व्यवस्थापनाची ७०-७४२ ही स्वतंत्र परीक्षा होती. ३१ जानेवारी २०२१ला मायक्रोसॉफ्टने ती मालिका बंद केली. तरी जुन्या नोट्स आणि व्हिडिओ अजून सगळीकडे फिरत असतात. मी निवडलं ते विंडोज सर्व्हर हायब्रिड ॲडमिनिस्ट्रेटर असोसिएट. त्यासाठी एझेड-८०० आणि एझेड-८०१ या दोन परीक्षा. पहिलीत उभारणं आणि चालवणं, दुसरीत सुरक्षा, फेलओव्हर (एक सर्व्हर पडला की दुसऱ्याने काम उचलणं), आपत्तीतून सावरणं आणि जुन्यावरून नव्यावर जाणं. जुनं साहित्य मात्र मी टाकून दिलं नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरी फेब्रुवारी २०००मध्ये विंडोज २००० सर्व्हरबरोबर आली आणि तिचा पाया अजून तोच आहे. तिच्याशी बोलण्याचा एलडॅप हा प्रोटोकॉल तर त्याहून जुना, १९९३च्या सुमाराचा, मिशिगन विद्यापीठातला. आणि तो ज्याचं हलकं रूप आहे ते एक्स.५०० हे मानक १९८८चं. इतका जुना आणि टिकलेला पाया शिकायला मिळतो, हे मला या विषयाचं मोठेपण वाटतं.

अभ्यास सुरू केल्याचं कळताच एका ओळखीच्याने व्हॉट्सॲपवर प्रश्नोत्तरांची पीडीएफ पाठवली. खरे प्रश्न, पाठ करा, पास व्हा. मी ती उघडली नाही. परीक्षेच्या करारात अशा गोष्टींना मनाई असते, हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण वेगळं. उद्या हालोलला डीसी बंद पडेल तेव्हा शिफ्टवरचे लोक मशीनसमोर खोळंबून उभे राहणार आहेत आणि त्या वेळी मला पर्याय अ, ब, क, ड दिसणार नाहीत. ज्याच्या हातात सगळ्यांच्या खात्यांच्या किल्ल्या आहेत त्याने उत्तरं पाठ करून ती जागा मिळवावी, हे मला पटत नाही. यात मी कोणाचंही मन राखून बोलणार नाही.

घरी एक जुना डेस्कटॉप विकत आणला, त्यात ३२ जीबी रॅम टाकून घेतली, विंडोज ११ प्रो आणि त्यावर व्हर्च्युअल मशीन चालवणारं हायपर-व्ही. विंडोज सर्व्हरची मूल्यमापन आवृत्ती १८० दिवस फुकट चालते, तेवढे दिवस एका लॅबला पुरतात. आमचं घर दांडिया बाजारात, सासरचं जुनं. मागच्या खोलीत टेबल टाकलं. फॉरेस्टचं, म्हणजे डिरेक्टरीच्या सगळ्यात बाहेरच्या चौकटीचं, नाव बडोदे.लॅब ठेवलं. ओयू, म्हणजे डिरेक्टरीतले कप्पे, केले रावपुरा, मांडवी, दांडिया बाजार, फत्तेगंज. साइट दोन, मकरपुरा आणि हालोल, खऱ्यासारख्याच. युजर म्हणून सगळं गोत भरलं: आत्या, मामेभाऊ, नणंद, शेजारचे काका. "युजर-१, युजर-२" असं भरलं की परवानग्यांचा गुंता डोक्यात राहत नाही. पण "आत्याला मांडवीची फाइल वाचता येते, लिहिता येत नाही, का?" असा प्रश्न पडला की उत्तर शोधल्याशिवाय उठवत नाही.

पहिले काही आठवडे डीएनएसनेच, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेनेच, खाल्ले आणि ते योग्यच झालं. डोमेनमध्ये, म्हणजे एका डिरेक्टरीखालच्या खात्यांच्या आणि संगणकांच्या गटात, येऊ पाहणारा पीसी डोमेन कंट्रोलरला नावाने ओळखत नाही. तो डीएनएसला विचारतो की या डोमेनची एलडॅप सेवा कोण देतं, केर्बेरॉस कोण देतं, आणि एसआरव्ही रेकॉर्डमधून, म्हणजे कोणती सेवा कुठे मिळते त्या नोंदीतून, उत्तर मिळतं. लॅबमधल्या एका पीसीचा डीएनएस मी मुद्दाम गूगलचा सार्वजनिक ८.८.८.८ केला. इंटरनेट मस्त चालतंय आणि डोमेन सापडत नाही. मग डीसीवरचे एसआरव्ही रेकॉर्ड पुसून टाकले आणि नेटलॉगॉन ही सेवा पुन्हा चालू केली. रेकॉर्ड परत हजर. ते कोण लिहितं, हे असं एकदा डोळ्यांनी बघितलं की कायमचं कळतं. क्लासमध्ये हा भाग स्लाइडवर दोन ओळींत येतो. मी म्हणेन, इथे घाई करू नका.

माझ्या अभ्यासाला खरी दिशा दिली ती नानांनी, माझ्या सासऱ्यांनी. त्यांची सगळी नोकरी ग्रंथालयात झाली. बडोद्याच्या ग्रंथालयांचा त्यांना फार अभिमान. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं आणि गावोगावी पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या, हे ते आजही पाहुण्यांना सांगतात. एका रात्री ते दूध घेऊन मागच्या खोलीत आले आणि मी काय करतेय ते विचारलं. मी ग्लोबल कॅटलॉगवर होते. अनेक डोमेन असतील तर प्रत्येकाची पूर्ण माहिती सगळीकडे ठेवत नाहीत. ग्लोबल कॅटलॉगमध्ये फॉरेस्टमधल्या प्रत्येक वस्तूची नोंद असते, पण मोजक्याच गुणधर्मांची, शोधायला लागतील तेवढ्या. नानांना हे एका वाक्यात कळलं. "म्हणजे आमची तालिका. कार्डावर पुस्तकाचं नाव, लेखक, कपाट. पुस्तक स्वतः तिथे नसतं."

मग त्यांनी विचारलं, "पण अगं, या कार्डांवर लिहितं कोण? आमच्याकडे एकच माणूस लिहायचा."

मी सांगितलं की इथे दोन्ही कारखान्यांतले डीसी लिहू शकतात. विंडोज एनटीच्या काळात नानांसारखीच पद्धत होती, एकच प्रमुख कंट्रोलर लिहायचा आणि बाकीचे त्याच्या प्रती ठेवायचे. विंडोज २०००पासून जवळजवळ सगळे डीसी लिहू लागले.

"मग दोघांनी एकाच कार्डावर वेगवेगळं लिहिलं तर कोणाचं खरं मानायचं?"

मी नानांना लगेच उत्तर दिलं, "नंतरचं." ते गेले आणि मी तपासायला बसले. नियम निराळा निघाला. ॲक्टिव्ह डिरेक्टरी प्रत्येक गुणधर्माला एक आवृत्ती क्रमांक ठेवते आणि दर बदलाला तो एकने वाढतो. संघर्ष झाला की आधी हा क्रमांक बघितला जातो, मोठा असेल तो जिंकतो. क्रमांक सारखा असेल तर वेळ. वेळही सारखी असेल तर ज्या डीसीवर बदल झाला त्याचा जीयूआयडी, म्हणजे त्याचा एकमेव ओळख क्रमांक. मी दोन डीसींमधला व्हर्च्युअल स्विच तोडला. मकरपुऱ्याच्या डीसीवर आत्याचा फोन नंबर दोनदा बदलला. मग थांबून हालोलच्या डीसीवर तोच नंबर एकदा, तिसराच टाकला. स्विच जोडला, रेपॲडमिन या साधनाने रेप्लिकेशन, म्हणजे डीसींमधली बदलांची देवाणघेवाण, करायला लावलं. जिंकला मकरपुरा. घड्याळाने उशिरा झालेला बदल हरला, कारण त्याचा क्रमांक लहान होता. रेपॲडमिनचा शोऑब्जमेटा हा आदेश चालवला की हे क्रमांक एकेका गुणधर्मापुढे लिहिलेले दिसतात. मी तो आदेश त्या रात्री कितीतरी वस्तूंवर चालवत बसले.

सकाळी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "हे बरं आहे. ज्याने जास्त वेळा हात लावला त्याचं." आणि पेपर उघडला.

त्यानंतर मी पुढचा सगळा अभ्यासक्रम नानांच्या त्या प्रश्नाने वाचला. वहीच्या प्रत्येक पानावर वर लिहायचे: इथे मतभेद झाला तर कोणाचं चालतं? आणि प्रकरणं एकामागून एक उलगडत गेली.

पाच एफएसएमओ भूमिका घ्या, म्हणजे एका वेळी एकाच डीसीकडे असणारी खास कामं. बहुतेकजण त्यांची यादी पाठ करतात. पण त्या आहेत कशासाठी? काही बदल असे असतात की दोन ठिकाणी वेगवेगळे झाले आणि मग एक टाकून दिला, असं चालणारच नाही. स्कीमा, म्हणजे कोणत्या प्रकारच्या वस्तू असू शकतात याची व्याख्या, ती एकाच ठिकाणी बदलायला हवी. नवं डोमेन जोडणं तसंच. प्रत्येक खात्याला मिळणारा ओळख क्रमांक दुसऱ्या कोणाला जाऊ नये म्हणून आरआयडी मास्टर प्रत्येक डीसीला ५००-५००चे गठ्ठे वाटतो. पीडीसी एम्युलेटरकडे वेळेचा मुख्य काटा आणि ताजे पासवर्ड. हालोलला नुकताच बदललेला पासवर्ड मकरपुऱ्यात चुकीचा ठरू नये म्हणून इथला डीसी नकार देण्याआधी त्याला विचारून घेतो. पाचवी इन्फ्रास्ट्रक्चर मास्टर, एका डोमेनच्या फॉरेस्टमध्ये तिला फारसं काम नसतं. हे कारणासकट वाचल्यावर पाठ करायला काही उरत नाही.

त्यातलं हस्तांतर आणि बळकावणं हा फरक मी करून बघितला. जुना डीसी जिवंत असेल तर भूमिका शांतपणे दुसऱ्याकडे देता येते. तो कायमचा गेला असेल तरच बळकावायची. पहिला डीसी बंद करून दुसऱ्यावर आरआयडी आणि स्कीमा बळकावली. त्यानंतर जुन्याला पुन्हा जाळ्यात आणायचं नाही, हा नियम. दोघेही स्वतःला आरआयडी मास्टर समजून तेच क्रमांक वाटू शकतात. मी जुन्याची डिस्कच पुसली आणि डिरेक्टरीतल्या त्याच्या राहिलेल्या नोंदी साफ केल्या. हे काम कामाच्या जागी पहिल्यांदा करायची वेळ कोणावर येऊ नये. आधी घरी करून झालेलं असावं.

ग्रुप पॉलिसीतही, म्हणजे संगणकांना आणि माणसांना एकगठ्ठा लावायच्या नियमांतही, तोच प्रश्न, फक्त उत्तर निराळं. क्रम लोकल, साइट, डोमेन, ओयू, आणि शेवटी लागू होणारी पॉलिसी जिंकते. खालच्या ओयूने वारसा अडवला तर वरच्या पॉलिसी थांबतात. पण वरची एन्फोर्स्ड (सक्तीची) असेल तर ती अडवणुकीलाही जुमानत नाही. मांडवीच्या ओयूवर मी हे सगळं एकमेकांवर रचलं आणि प्रत्येक वेळी आधी कागदावर उत्तर लिहून मग काय लागू झालं ते दाखवणाऱ्या जीपीरिझल्टने ताडून बघितलं. पॉलिसी पीसीवर दर ९० मिनिटांनी, अधिक ३० मिनिटांपर्यंतचा फरक धरून, ताजी होते. इतका वेळ थांबवत नाही म्हणून ती लगेच ताजी करणारा जीपीअपडेट हा आदेश.

पासवर्डच्या नियमांनी मला बराच काळ अडकवून ठेवलं. सहज वाटतं की वेगळ्या ओयूला वेगळा पासवर्ड-नियम हवा असेल तर तिथे पॉलिसी जोडायची. तशी जोडली तर ती त्या ओयूतल्या संगणकांवरच्या लोकल खात्यांना लागते, डोमेनमधल्या माणसांना नाही. माणसांसाठी नियम डोमेनच्या पातळीवर. काहींना वेगळा हवा असेल तर फाइन-ग्रेन्ड पासवर्ड पॉलिसी, आणि ती ओयूला नाही, युजरला किंवा ग्लोबल सिक्युरिटी ग्रुपला लावायची. दोन लागत असतील तर लहान प्रिसीडन्स अंकवाली जिंकते. थेट युजरला लावलेली ग्रुपवरच्या सगळ्यांना मागे टाकते. डिरेक्टरीच्या कोणत्याही परीक्षेसाठी हा परिच्छेद हाताने लिहून काढावा असं मी म्हणेन.

दोन डोमेनमधल्या ट्रस्टची (विश्वासाची) दिशा अशीच डोकं फिरवणारी. अ डोमेनने ब वर विश्वास ठेवला तर फायदा ब च्या माणसांना, त्यांना अ मधल्या फायलींपर्यंत जाता येतं. बाण एका दिशेला आणि वावर उलट दिशेला. मी प्रत्येक उदाहरण आत्या आणि मामेभावाच्या नावाने काढायचे.

रिसायकल बिनसाठी, म्हणजे डिरेक्टरीतल्या पुसलेल्या वस्तू परत आणायच्या सोयीसाठी, मी रावपुरा हा अख्खा ओयू पुसला. आधी ओयूवरचं अपघाती पुसण्यापासूनचं संरक्षण काढावं लागतं, मगच जातो. रिसायकल बिन विंडोज सर्व्हर २००८ आर२पासून आहे, आपण चालू करावं लागतं आणि एकदा चालू केलं की बंद करता येत नाही. परत आणताना आधी ओयू, मग आतली माणसं. उलट क्रमाने गेलं तर त्यांना जायला घरच नसतं. पुसलेली वस्तू मुळात १८० दिवस राहते. बिन नसतं तर बॅकअप, डीएसआरएम (दुरुस्तीसाठी डीसी चालू करायची खास पद्धत) आणि ऑथॉरिटेटिव्ह रिस्टोर हा लांबचा रस्ता. तोही मी केला, आणि त्यात पुन्हा आवृत्ती क्रमांक भेटला: ऑथॉरिटेटिव्ह रिस्टोर परत आणलेल्या वस्तूंचे क्रमांक एकदम खूप वाढवतं, म्हणजे बाकीच्या डीसींना तेच खरं मानावं लागतं. त्या क्षणी मला फार आनंद झाला. वेगवेगळ्या प्रकरणांत वाचलेल्या दोन गोष्टी एकाच नियमाने चालतात, हे कोणी सांगितलं नव्हतं, स्क्रीनवर दिसलं.

मग हायब्रिड, म्हणजे इथली डिरेक्टरी क्लाउडशी जोडणं. ॲझ्यूर एडी या क्लाउडमधल्या डिरेक्टरीचं नाव २०२३मध्ये एन्ट्रा आयडी झालं, त्यामुळे साहित्य वाचताना दोन्ही नावं एकच समजायची. एन्ट्रा कनेक्ट इथल्या खात्यांची माहिती दर ३० मिनिटांनी वर पाठवतं, पासवर्डचा हॅश (मूळ पासवर्ड परत काढता येत नाही असं रूप) मात्र दर २ मिनिटांनी. इथे नानांच्या प्रश्नाचं उत्तर एकतर्फी आहे: सिंक केलेल्या खात्याचा मालक इथला डीसी, वरून जाऊन त्याचं नाव किंवा विभाग बदलू म्हटलं तर बदलता येत नाही. माझं बडोदे.लॅब हे डोमेन इंटरनेटवर चालणारं नव्हतं, म्हणून लॅबमधली माणसं वर गेली ती ऑनमायक्रोसॉफ्टच्या लांबलचक नावांनी. खऱ्या कंपनीत आधी इंटरनेटवर मान्य असलेला यूपीएन सफिक्स (लॉगिन-नावातला @नंतरचा भाग) जोडून माणसांची लॉगिन-नावं बदलून घ्यायची, मगच सिंक सुरू करायचं.

सर्व्हिस खात्यांसाठी, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅम वापरतात त्या खात्यांसाठी, जीएमएसए हा प्रकार मला मनापासून आवडला. पासवर्ड कोणाला ठाऊकच नसतो, डीसी तो स्वतः बनवतात आणि मुळात ३० दिवसांनी बदलतात. त्यासाठीची केडीएस रूट की (हे पासवर्ड ज्यातून बनतात ती मूळ किल्ली) तयार केल्यावर ती सगळ्या डीसींपर्यंत पोचावी म्हणून १० तास थांबायचं असतं. लॅबमध्ये वेळ मागची टाकून हे थांबणं टाळता येतं. कामाच्या जागी थांबावं.

डीएफएस, स्टोरेज रेप्लिका, डीएचसीपी फेलओव्हर, कंटेनर, ॲझ्यूर आर्क, विंडोज ॲडमिन सेंटर हे सगळं मी केलं, पण बेताचं. प्रत्येक गोष्ट एकदा उभी केली, पॉवरशेलने, म्हणजे आदेश लिहून, पुन्हा केली आणि पुढे गेले. पॉवरशेलबद्दल एवढंच: माउसने केलेलं काम लक्षात राहतं, पण आदेशाने केलेलं समजतं, कारण प्रत्येक पॅरामीटर एक निर्णय असतो.

परीक्षा घरून द्यायची ठरवली. त्याचे नियम कडक. खोलीत दुसरं कोणी येता कामा नये, टेबल रिकामं, फोन दूर, सुरू होण्याआधी ओळखपत्राचे आणि खोलीच्या चारी बाजूंचे फोटो. मोठ्याने पुटपुटलेलंही चालत नाही. भरल्या घरात आणि दांडिया बाजारात हे जमवायचं म्हणजे तारखेपासून विचार. नवरात्रीचे दिवस नकोत. उत्तरायणाच्या आसपास तर नकोच, गच्चीगच्चीवर स्पीकर आणि "काइपो छे"च्या आरोळ्या. मधल्या वारातली दुपार घेतली, पीसी आणि राउटर यूपीएसवर टाकले. सासूबाईंनी शेजारी निरोप दिला की आज दुपारी कोणी हाक मारायची नाही, आणि नाना खोलीबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसले.

प्रश्न काय होते ते सांगणार नाही, तशी बांधिलकी असते. पद्धतीबद्दल सांगते. १०००पैकी ७०० लागतात, पण ते सरळ ७० टक्के नव्हेत, गुणांची मोजपट्टी वेगळी असते. काही प्रश्न अशा मालिकेत येतात की उत्तर दिल्यावर मागे जाता येत नाही. तिथे सावकाश वाचावं. केस स्टडीत आधी प्रश्न वाचावा आणि मग कंपनीचं वर्णन, म्हणजे काय शोधायचं ते कळतं. या प्रकारच्या परीक्षेत मायक्रोसॉफ्ट लर्नची पानं उघडून बघायची मुभा आहे, पण वेळ पळतच असते. मी ती फक्त एखाद्या आदेशाचं नेमकं रूप ताडण्यापुरती वापरली. मुळातलं जे माहीत नाही ते त्या गर्दीत सापडत नाही.

निकाल लगेच स्क्रीनवर आला. पास. दार उघडलं तर नानांनी पेपर घडी करून विचारलं, "मग? कोणाचं खरं निघालं?" आणि सासूबाईंनी साखर हातावर ठेवली. एझेड-८०१ त्यानंतर काही महिन्यांनी दिली. तिची तयारी कमी जड गेली, कारण पाया तोच होता. प्रमाणपत्र एका वर्षाचं असतं. संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत घरून एक फुकट चाचणी देऊन ते पुढे वाढवायचं.

भाई आता निवृत्त झालेत. हालोलच्या डीसीने होस्टकडून वेळ घेणं मी बंद केलं, पीडीसी एम्युलेटरला बाहेरच्या एनटीपी (अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरला जोडलं आणि परवानगी काढून रिसायकल बिन चालू करून घेतलं. सध्या हातात मोठं काम आहे. आमचा एक डीसी अजून विंडोज सर्व्हर २०१२ आर२वर आहे, त्याचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ला संपला. विंडोज सर्व्हर २०२५चा डीसी जोडायचा तर फॉरेस्टची फंक्शनल लेव्हल (डिरेक्टरी कोणत्या आवृत्तीच्या सोयी वापरते ती पातळी) किमान २०१६ हवी आणि जुना डीसी असेपर्यंत ती चढवता येत नाही. त्याहून आधी सिसव्हॉलचं, म्हणजे पॉलिसींच्या फायली ठेवणाऱ्या फोल्डरचं, रेप्लिकेशन जुन्या एफआरएस पद्धतीवरून नव्या डीएफएसआरवर गेलंय का ते बघायचं. डीएफएसआरमिगने तपासलं, गेलेलं आहे. आता त्या डीसीवरच्या भूमिका हलवायच्या, कोणकोणते पीसी आणि प्रिंटर त्याचाच आयपी डीएनएस म्हणून धरून बसलेत त्यांची यादी करायची आणि मग एका रविवारी तो उतरवायचा. यादीचं काम निम्मं झालंय. हालोलचं पॅकिंग आणि मकरपुऱ्याचा गेट-पासचा काउंटर राहिलाय.